तहहयात न्यायाधीश

ज्या माणसानं भर सभेत माझ्याविरुद्ध निकाल दिला, त्याच्याबद्दल मी हे लिहितेय, आणि बहुतेक चांगलंच लिहिणार आहे. तेव्हा कुणी मला हे सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या दिवशी घरी येऊन मी काकांच्या नावानं इतकी बोटं मोडली, की माझी सहा वर्षांची लेक दारात उभी राहून म्हणाली, "आई, वेर इस्ट ब्योझे?" कोण वाईट आहे, असं ती विचारत होती. मी म्हटलं, "काका." ती म्हणाली, "नाइन," म्हणजे नाही, आणि खेळायला निघून गेली.

काका म्हणजे माझे कुणी सख्खे काका नव्हेत. डार्मश्टाटच्या आमच्या मराठी मंडळात ते सगळ्यांचेच काका होते. पाठीमागे लोक त्यांना 'घटनाकाका' म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम अमेरिकेच्या राज्यघटनेची एक चिमुकली पुस्तिका असायची. रेल्वेचा पासही ते तिच्यातच खूण म्हणून ठेवत. तपासनीस आला की काका शांतपणे पुस्तिका काढून पानं उलटत बसायचे, "कलम एक... कलम दोन... इथं असेल," आणि तो बिचारा जर्मन तपासनीस हात पुढे करून उभा. डब्यातली सगळी माणसं बघायची. काकू खिडकीबाहेर पाहायच्या, जणू या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही.

मी एकदा विचारलं होतं, "काका, जन्म साताऱ्याचा, नोकरी जर्मनीत, आणि घटना अमेरिकेची? हे काय गौडबंगाल?"

"आपली घटना मोठी आहे गं. कपाटात ठेवून नमस्कार करावा अशी. जर्मनांची शहाणी आहे, पोळल्यावर लिहिलेली आहे. पण ही खिशात मावते," ते म्हणाले. "आणि हिच्यात चुका दिसतात."

चुका दिसतात म्हणजे काय, ते मला पुढं कळलं.

डार्मश्टाटला येण्याआधी नऊ वर्षं ते अमेरिकेत एका लहानशा गावात होते. तिथल्या त्यांच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. एकदा त्या काकांना गावच्या सभेला घेऊन गेल्या. महापौरांनी जाहीर केलं, की उद्यापासून कुणी अंगणात दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, गाव वाईट दिसतं. म्हातारी काठी टेकत उठली आणि म्हणाली, हा अधिकार तुम्हाला कुठल्या कलमानं दिला? महापौरांनी कागद चाळले, वकिलाच्या कानाला लागले, आणि म्हणाले, कुठल्याच नाही. आणि खाली बसले. काका ही गोष्ट सांगताना इथं थांबत. "खाली बसले! आमच्या गावात सरपंचाला कुणाच्या प्रश्नावर खाली बसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं." त्या सभेपासून 'कुठं लिहिलंय?' हा प्रश्न त्यांच्या तोंडी कायमचा बसला.

घरीदारी तोच प्रश्न. काकू म्हणायच्या, "अहो, श्रीखंड पुरे आता."

"कुठं लिहिलंय?"

"डॉक्टरांच्या कागदावर. फ्रिजला लावलाय."

मग ते निमूट वाटी खाली ठेवायचे. त्यांची गंमत ही होती. प्रश्न ते दुसऱ्याला अडवायला विचारत नसत. खरंच लिहिलेलं निघालं तर स्वतः मुकाट्यानं मान तुकवत.

त्यांची नोकरी उपग्रह सांभाळण्याची. तिथं म्हणे एक जण आज्ञा लिहितो, दुसरा ती तपासतो, तिसरा वर पाठवतो. लिहिणाऱ्यानं स्वतः पाठवायची नाही, मग तो कितीही हुशार असो. "हुशार माणसाचीच जास्त भीती," काका म्हणायचे. "मूर्खावर सगळे लक्ष ठेवतात." हे आणि अमेरिकेचं सरकार त्यांच्या डोक्यात एकच होतं. एकानं कायदा करायचा, दुसऱ्यानं राबवायचा, तिसऱ्यानं भांडण सोडवायचं, आणि तिघांनी एकमेकांवर डोळा ठेवायचा.

आमचं मंडळ स्थापन झालं तेव्हा त्याची घटना लिहायचं काम त्यांच्याकडे गेलं. गेलं कसलं, त्यांनी घेतलं. जर्मनीत चार डोकी गणपतीसाठी जमली तरी फेराइन नोंदवावी लागते, म्हणजे रीतसर संस्था. त्यासाठी सात सभासद आणि नियमावली घेऊन आम्ट्सगेरिश्टात, म्हणजे तिथल्या कोर्टात, जावं लागतं. बाकीची मंडळं कुठूनतरी दोन पानी नमुना उतरवून आणतात. काकांनी एकोणीस पानं नेली. तिथल्या बाईंनी चष्मा पुसून पुसून वाचलं. मग म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे... महाभियोग? नकाराधिकार? हे बघा, ही फेराइन आहे. देश नाही."

काका म्हणाले, "बाई, अमेरिका हा देशसुद्धा आधी तेरा वसाहतींची फेराइनच होता."

बाईंनी शिक्का मारला. मला वाटतं, त्यांना जेवायला जायचं असावं.

तर आमच्या मंडळात चार शहरं: डार्मश्टाट, हायडेलबर्ग, मानहाइम आणि माइन्झ. एक साधी समिती, तिच्यात मोठ्या शहराचे जास्त लोक. तिच्यावर एक ज्येष्ठ समिती, तिच्यात मात्र प्रत्येक शहराचे दोनच. माइन्झमध्ये आमची तीनच घरं, पण त्यांचेही दोन. डार्मश्टाटवाले कावायचे, "तीन घरांचे दोन आणि आमच्या चाळीस घरांचेही दोन? हा कुठला न्याय?" काका म्हणायचे, "मोठ्यांनी लहानांना गिळू नये म्हणून केलेला न्याय. आज तुम्हाला टोचतोय. टोचू द्या."

अध्यक्षांना नकाराधिकार होता. समितीचा ठराव पसंत नसेल तर दहा दिवसांत परत पाठवायचा, रविवार वगळून. त्या काळात तो एकदाच वापरला गेला. समितीनं ठरवलं, की गणपतीच्या जेवणात वेळ वाचवण्यासाठी बटाट्याच्या भाजीऐवजी विकतचं जर्मन बटाटा-सॅलड ठेवायचं. अध्यक्षांनी ठराव फेटाळला. समितीनं दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केला. बाप्पापुढं अंडं घातलेल्या मेयोनेजचं सॅलड आलं, पहिल्या घासाला कुणाच्यातरी आजींच्या ते लक्षात आलं, आणि मग जो काही तमाशा झाला! काका एकटेच खूश. "यंत्रणा चालली," म्हणत होते. काकूंनी कपाळाला हात लावला.

आणि न्यायाधीश एकच. तहहयात. ते अर्थातच काका. न्यायाधीशाला नोकरी जायची भीती असेल तर तो लोकांची तोंडं बघून निकाल देतो, म्हणून तहहयात, असं त्यांचं म्हणणं. झगा हवा म्हणून ते काळा रेनकोट घालून बसायचे. चर्चचा जो हॉल आम्ही भाड्यानं घ्यायचो तिथं, स्टेजखाली, खुर्चीत, आतून घामाघूम. बाहेर ऊन, आणि आत हा माणूस गळ्यापर्यंत बटणं लावून. रेनकोट घातला की ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे. पाककृती स्पर्धेत विकतच्या पुरणपोळीला घरचं तूप लावलं तर तो 'स्वतः केलेला पदार्थ' होतो का, यावर त्यांनी पाच पानी निकाल दिला होता. होत नाही. ती पोळी माझीच होती.

हसत होतो आम्ही त्यांना. पण एक सांगते, त्या मंडळात चार वर्षांत एकदाही मारामारी झाली नाही, फूट पडली नाही, कुणी वेगळा गणपती मांडला नाही. ज्यांनी परदेशातली मराठी मंडळं पाहिली आहेत त्यांना हे किती मोठं आहे ते कळेल.

रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग असायचा. काका महिन्यातून एकदा तिथं नागरिकशास्त्र शिकवायचे. म्हणजे काय, तर लंगडी. मुलांचे तीन गट करायचे. एक गट नियम ठरवणार, दुसरा खेळ चालवणार, तिसरा आउट देणार. "नियम करणाऱ्यानं आउट द्यायचं नाही," एवढं एकच वाक्य ते पोरांकडून घोकून घेत. माझी लेक घरी मराठी समजायची, पण उत्तर जर्मनमध्ये. पुण्याला फोन लावला की माझी आई पलीकडून रडवेली व्हायची, "काय म्हणते गं ही? मला काही कळत नाही." आणि एका रविवारी ही पोरगी फोनवर आजीला म्हणाली, "आजी, तू आउट नाही देऊ शकत. तू नियम केलास." आई इतकी हरखली, की तिनं ते वाक्य शेजारच्या चार घरांत सांगितलं. अर्थ तिला अजून कळलेला नाही.

एकदा त्याच वर्गात त्यांनी पोरांना ती पुस्तिका उघडून दाखवली. सुरुवातीच्या पानावर गुलामांना पूर्ण माणूस न मोजता तीन-पंचमांश मोजायचं लिहिलं होतं. पुढं ते रद्द झालं, पण पानावर अजून तसंच आहे. दारूबंदी आणली ती दुरुस्ती आहे, पस्तावून उठवली तीही आहे. एक आई म्हणाली, "काका, लहान मुलांना हे कशाला? खोडून टाकायला हवं होतं त्यांनी."

"खोडायचं नाही," काका म्हणाले. "खाली लिहायचं. खोडलं की आपण पहिल्यापासूनच शहाणे होतो असं वाटायला लागतं."

मंडळाची घटनाही त्यांनी तशीच ठेवली होती. जाड निळी वही, त्यांचं छापल्यासारखं अक्षर, आणि मागची पानं दुरुस्त्यांसाठी कोरी. चार वर्षं ती कोरीच होती. त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता, असं मला वाटतं.

आता माझं. त्या वर्षी मार्चमध्ये नवरा आणि मी वेगळे झालो. का, ते इथं सांगत नाही. तो म्युनिकला गेला, मी लेकीला घेऊन एका खोलीच्या घरात आले. इथं घटस्फोटाआधी एक वर्ष वेगळं राहून दाखवावं लागतं, ट्रेनुंग्सयार म्हणतात. त्या वर्षात बाई ना धड इकडची ना तिकडची. मंडळाचं सभासदत्व नवऱ्याच्या नावावर होतं, ते संपलं. मी माझ्या नावानं अर्ज केला. तो परत आला.

अध्यक्ष नाशिकचे, सॉफ्टवेअरमधले, माणूस वाईट नव्हता. फोनवर अवघडून म्हणाले, "वहिनी, कलम तीन बघा ना. एक कुटुंब, एक सभासद. सही कुटुंबप्रमुखाची. कुटुंबप्रमुख म्हणजे पती, अविवाहित असल्यास स्वतः. तुम्ही अविवाहित नाही."

"मग माझा कुटुंबप्रमुख कोण?"

"तेच तर... तुम्ही पाहुण्या म्हणून या ना गणपतीला. कोण अडवतंय?"

"पाहुणी? चार गणपती मी त्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटल्यात. आणि वर्गाचं काय?"

वर्ग फक्त सभासदांच्या मुलांसाठी. म्हणजे लेकीचा रविवार गेला. मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. नवरा गेला त्याचं रडू आलं नव्हतं, पण तेव्हा आलं. इतकं आलं की मलाच लाज वाटली. आठवड्यातून तीन तास माझं नाव नीट उच्चारणारी माणसं होती, तीही गेली. आणि पोरीचं आजीशी बोलणं सुरू होता होता थांबणार होतं.

मी न्यायाधीशांकडे अर्ज केला. मनात म्हटलं, काका आहेत, लेक त्यांची लाडकी आहे, ते काहीतरी वाट काढतील.

रविवारी हॉल भरलेला. काका रेनकोटात. त्यांनी कलम तीन मोठ्यानं वाचलं. मग मला विचारलं, "तुम्ही विवाहित आहात?"

"कागदावर आहे."

"मी कागदच वाचतो," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. निकाल त्यांनी लिहून आणला होता, पाच पानी नव्हता, पाच ओळींचा होता. "हे कलम अन्यायाचं आहे. पण ते स्पष्ट आहे. संदिग्ध असतं तर मी अर्थ लावला असता. न्यायाधीशाला कलम वाचता येतं, बदलता येत नाही. आज मी चांगल्या कारणासाठी शब्द वाकवले, तर उद्या दुसरा वाईट कारणासाठी वाकवेल. अर्ज नामंजूर."

मी उभी राहिले. "अन्यायाचं आहे म्हणता, मग लिहिलं कुणी ते?"

काकांनी मान वर केली. "मी."

आणि माझ्या शेजारून माझी लेक, खुर्चीवर उभी राहून, खणखणीत मराठीत म्हणाली, "काका, तू नियम केलास. तू आउट नाही देऊ शकत."

दोन-तीन जण हसले. काका हसले नाहीत. ते उठले, एकेक बटण काढून रेनकोट उतरवला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि बाहेर निघून गेले. काकू पर्स उचलून त्यांच्यामागे. मला वाटलं, पळाले. म्हणून मी घरी येऊन बोटं मोडत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात काका आणि काकू, तीन जिने चढून धापा टाकत. काकांच्या हातात निळी वही. मी दारातून बाजूला झाले नाही.

"राजीनामा दिला," काका म्हणाले. "न्यायाधीशाला प्रचार करता येत नाही. आता मी साधा सभासद आहे. आत येऊ?"

"आणि निकाल?"

"निकाल राहणार. तो बरोबर आहे. कलम चूक आहे."

मी काही बोलणार, तेवढ्यात काकू मला बाजूला सारून आत आल्या. "चहा ठेव गं आधी. भांडण बसून कर." मग मोढ्यावर बसत म्हणाल्या, "परवा घरी गेल्यावर मी यांना विचारलं, अहो, तुमच्या त्या वहीत मी कुठंय? शोधत बसले. माझ्या पोळ्या झाल्या तरी शोधताहेत."

"नाही सापडली," काका म्हणाले.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. साठीकडे झुकलेला माणूस, शाळेत गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा बसला होता. "दर गणपतीला हिच्या हातचे मोदक खाल्ले मी. ज्या हातानं खाल्ले, त्याच हातानं हे कलम लिहिलं. तो 'कुटुंबप्रमुख' शब्द मी कुठून आणला, ठाऊक आहे? अमेरिकेतून नाही. मी बसून आठवलं. आमच्या साताऱ्याच्या घरातल्या रेशनकार्डावरून. कुटुंबप्रमुखाचं नाव, आणि खाली बाकीच्यांची. इतकं अंगात मुरलेलं, की लिहिताना थांबलोसुद्धा नाही. आणि लोकांना विचारत फिरतो, कुठं लिहिलंय म्हणून."

खरं सांगते, माझा राग तिथंच ओसरला. पण मी तसं दाखवलं नाही. चहा मात्र आलं घालून केला.

दुरुस्ती त्यांनी मला लिहायला लावली. "मी एकदा लिहून पाहिलं, फसलं. आता ज्याला बोचतंय त्यानं लिहावं." मी लिहिलं: अठरा वर्षांवरची कुणीही व्यक्ती स्वतःच्या सहीनं सभासद होईल. त्यांनी चार वेळा वाचलं आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. एक शब्द जास्त नाही."

समित्यांनी ती शहरांकडे पाठवायला कसंबसं हो म्हटलं. चारपैकी तीन शहरांनी मान्य केली तरच घटना बदलणार, हाही काकांचाच नियम. डार्मश्टाटनं पहिल्याच आठवड्यात फेटाळली. घरटी एक मत, तेही पुरुषाचं. "नवरा-बायकोची दोन मतं झाली तर घराघरात राजकारण येईल," एकजण म्हणाला. त्याच्या बायकोनं मला नंतर जिन्यात गाठून म्हटलं, घरात काय काय आहे ते याला कुठं माहितीये. आता उरलेल्या तिन्ही शहरांनी हो म्हणायला हवं होतं. एकानं नाही म्हटलं की संपलं.

काका दर शनिवारी निघायचे. खिशात पुस्तिका, तिच्यात पास, काकूंच्या हातात डबा. हायडेलबर्गला सगळे विद्यार्थी, त्यांनी हो म्हटलं पण तीन तास प्रश्न विचारून काकांना दमवलं. काका परतताना तरंगत होते. मानहाइमला ते दोनदा गेले, घरोघर बसले, आणि सात विरुद्ध पाच मतांनी जिंकले. ज्या माणसाला आम्ही चार वर्षं खुर्चीत बसलेलं पाहिलं, तो दुसऱ्यांच्या दारात बूट काढून, "पाच मिनिटं देता का," म्हणत होता.

माइन्झला मीही गेले, लेकीला घेऊन. तीन घरं. एक बाजूनं, एक विरुद्ध. तिसऱ्या घरचे गृहस्थ अबोल, नागपूरचे. काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, चालू आहे ते बरं आहे ना जी. कशाला उगाच घोळ?" काका आणखी बोलले. गृहस्थ चहा पीत राहिले. मला कळलं, की गेलं. मी लेकीला बूट घालायला सांगितलं.

तेवढ्यात आतून त्यांच्या आई आल्या, उन्हाळ्यापुरत्या आलेल्या, हातात निवडायची मेथी. "काय रे," त्या मुलाला म्हणाल्या, "तुझे बाबा गेल्यावर रेशनकार्डावर माझं नाव प्रमुख म्हणून चढवायला मी तहसीलला किती हेलपाटे घातले? तू संग यायचा माझ्या. तो बाबू म्हणे, घरात माणूस नाही का? तू होता ना सात वर्षांचा, तर तुझं नाव टाकू म्हणे. विसरला?"

गृहस्थांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कुठं सही करू, काका?"

गाडीत काका पुस्तिका उघडून बसले, पण वाचत नव्हते. "अमेरिकेतसुद्धा बायकांच्या मताधिकाराचा निकाल शेवटच्या राज्यात एका मतावर अडला होता," ते म्हणाले. "त्या पोरगेल्या सभासदाला, हो म्हण म्हणून, आईची चिठ्ठी आली होती. मी ही गोष्ट शंभर वेळा सांगितलीय गं. मला कधी खरी वाटली नव्हती." काकूंनी डब्यातला शेवटचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी कुठं लिहिलंय विचारलं नाही, खाल्ला.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये वही माझ्यापुढं ठेवली. मी लाल पेन आणलं होतं. मला ते कलम तीन आडव्या रेघेनं पार उडवायचं होतं. किती रात्री मनातल्या मनात मी ती रेघ मारली होती! काकांनी वहीवर हात ठेवला.

"खोडू नकोस. मागं जा, कोऱ्या पानावर लिही."

"काका, ते वाचलं की माझ्या अंगाची आग होते."

"होऊ दे. माझी चूक आहे ती, माझ्या अक्षरात राहू दे. पुढच्यांना दिसायला हवी. त्यांना वाटेल, एवढा घटना-घटना करणारा माणूस चुकला, तर आपणही चुकत असू."

मी मागं लिहिलं. दुरुस्ती पहिली. खाली पहिली सही मी केली नाही, पेन काकूंना दिलं. काका म्हणाले, "आता तुला माझ्याविरुद्ध मत देता येईल हं."

"ते मी लग्न झाल्यापासून देतेय," काकू म्हणाल्या. "आता लेखी देईन." आणि आडनावासकट ठसठशीत सही केली. दुसरी सही माझी.

काकांना पुन्हा न्यायाधीश करायचं सगळ्यांच्या मनात होतं. ते नाही म्हणाले ते नाहीच. नंतर तीन वर्षं ते साधे सभासद म्हणून लवकर येऊन खुर्च्या मांडायचे, आणि महिन्यातून एकदा लंगडी. रेनकोट हॉलच्या खुंटीवर राहिला. नवे न्यायाधीश तो घालायचे, त्यांना तो आखूड व्हायचा. मग काका निवृत्त होऊन काकूंसह साताऱ्याला गेले.

दोन हजार नऊला मी मंडळाची अध्यक्ष झाले. नव्या सचिवांनी मोठ्या हौसेनं घटना संगणकावर उतरवून घेतली. उत्साही मुलगी, नीटनेटकी. तिनं जुनं कलम तीन काढून त्या जागी दुरुस्तीच घातली. "लागू नाही ना आता, ताई. उगाच वाईट दिसतं. वेबसाइटवर लोक वाचतील." समितीनं एकमतानं ठराव केला. ठराव माझ्या टेबलावर आला. मी आठ दिवस तो उलटासुलटा करत होते. मलाही ते कलम नकोच होतं, आजही नको आहे.

नवव्या दिवशी मी तो फेटाळून परत पाठवला. समितीनं माझं कारण वाचलं आणि पुन्हा मत घ्यायला कुणी हातच वर केला नाही.

मी साताऱ्याला फोन लावला. "काका, मी नकाराधिकार वापरला."

कशावर, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "दहा दिवसांत?"

"नवव्या दिवशी."

"रविवार वगळून?"

"वगळून." मग मी त्यांना ठराव काय होता ते सांगितलं. पलीकडून काकूंचा आवाज आला.

"अगं, काय सांगितलंस यांना? चष्मा काढून बसलेत."

"काही नाही, काकू," मी म्हटलं. "काकांना म्हणावं, तुमची चूक शाबूत आहे."